भाड्याचं माहेर

माहेर असलेल्या बायकांना उन्हाळ्याच्या सुटीत कुठं जायचं हा प्रश्न पडत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की भाऊ गाडी जुंपून येतो, पोरं गाडीत चढतात आणि मग महिनाभर कोण जेवलं, कोण कुठं निजलं, काही बघावं लागत नाही. माझं माहेर तापीकाठचं. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि पुढच्याच आखाजीला मी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच भावजयीनं विचारलं, "परत कधी जाशील?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "आत्ताच." आलेल्या गाडीनंच मागं फिरले आणि त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्या घरात म्हणतात. असेल. नाकावर आहे तोवर बरा, पोटात नाही ना?

तर सुटी आली की आम्ही आपले धुळ्यात, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत भाजत बसायचं. आमचे हे शाळेत मास्तर. त्या वर्षी माझ्या धाकट्याला डांग्या खोकला झाला. दीडेक वर्षाचं पोर, खोकता खोकता निळं पडायचं. खोकला उतरला, पण उबळ काही जाईना. त्यापायी त्याचं देवीचं टोचणंही राहून गेलं होतं. टोचणारा दारी आला तेव्हा म्हणाला, "आधी हा खोकला जाऊ द्या, पावसाळ्यानंतर बघू." मोठ्या दोघांच्या दंडावर टोचल्याच्या खुणा होत्या, याचा दंड कोरा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, पोराला हवापालट करा.

हवापालट हे साहेब लोकांचं खूळ, असं मला वाटायचं. पण यांच्या शाळेतले एक मास्तर पहूरचे होते. ते म्हणाले, आमच्या गल्लीत एका केळीवाल्याचं घर आहे, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या असतात, मागं वाघूर नदी, भोवती बागा, सुटीभर भाड्यानं घ्या. यांनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले. "बघू" हे यांचं उत्तर जन्माला पुरलेलं आहे. मग मीच त्या मास्तरांना निरोप सांगितला, ठरवून टाका. शेजारणी हसल्या. एक जण म्हणाली, "बाई गं, माहेरसुद्धा भाड्यानं घेतेस की काय?" मी म्हटलं, "घेते. निदान तिथं भावजय तरी नसेल."

बोलून गेले, पण खरं सांगायचं तर मनात तेच होतं. आखाजीला झोका बांधायला एक झाड, चार बायका, कुणीतरी "ये गं" म्हणणारं. माझ्या थोरलीनं आजोळचा झोका कधी पाहिलाच नव्हता. ती आठ वर्षांची, मधला मुलगा पाचाचा. निघायच्या आधी आठवडाभर ती झोक्याचंच बोलत होती.

धुळ्याहून चाळीसगाव, तिथून पाचोरा आणि पाचोऱ्याला जामनेरची छोटी गाडी. वळकट्या, पाण्याची सुरई, पिठाचा डबा आणि तीन पोरं घेऊन दोनदा गाडी बदलायची म्हणजे चेष्टा नाही. छोटी गाडी बघून मधला म्हणाला, "ही मोठी कधी होणार?" डबाभर माणसं हसली. एका म्हातारबाबांनी त्याला जागा दिली आणि धाकट्याची उबळ पाहून मला म्हणाले, "पहूरचं पानी गोड हाये, बरा व्हईन तो." मला फार बरं वाटलं.

उन्हं कलली तेव्हा घराशी पोचलो. मातीचं, सारवलेलं, मोठ्या अंगणाचं घर. अंगणात कडुनिंबाचं भलं मोठं झाड. दाराच्या चौकटीवर निंबाचा डहाळा खोवलेला. मी यांना म्हटलं, "पाडवा होऊन इतके दिवस झाले, अजून निंब काढला नाही. बाई आळशी दिसते." आमच्याकडे पाडव्याला गुढीबरोबर दारालाही निंब लावतात आणि तो वाळून आपोआप पडेपर्यंत कुणी हात लावत नाही. त्यामुळे त्यात मला वावगं काही दिसलं नाही. हे म्हणाले, "असू दे."

घराची मालकीण पन्नाशीची होती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, आम्हीही अक्काच म्हणू लागलो. आम्हाला अंगणात बघून ती दचकली. "आले तुम्ही?" म्हणाली. आमची ओझी पाहिली, कडेवरच्या खोकणाऱ्या पोराकडे पाहिलं, दाराच्या चौकटीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. मी सरळ आत शिरले. ती चार हात लांब राहूनच म्हणाली, "या. पुढच्या खोल्या तुमच्या. मधलं दार लावेल राहीन, तिकडं नका येऊ." ना हातावर पाणी, ना गुळाचा खडा. मला वाटलं, भाडेकरूला कोण विचारतं? आपणच खुळे, माहेर समजून आलो.

झोक्याचा दोर झाडाच्या फांदीवर वर गुंडाळून टाकलेला होता. थोरलीनं विचारलं, "अक्का, झोका सोडता का?" अक्का म्हणाली, "औंदा झोका नाही, बाई." पोरीचं तोंड एवढंसं झालं. शेजारच्या अंगणांतून पोरी झोके घेत गात होत्या, ते आमच्या अंगणात ऐकू येत होतं.

रात्रीच्या जेवणाला मी वरण केलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, तोच मधल्या दारापलीकडून अक्काचा आवाज आला. "फोडनी नको देऊ, व माय. तुले ठाऊक हाये ना?" आता मला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "हो, हो, राहिलं लक्षात." आणि कढई उतरवून ठेवली. यांना म्हणाले, या पूर्वेकडच्या लोकांचं आखाजीआधीचं काहीतरी व्रत असेल, त्यांचं नि आपलं सारखं थोडंच असतं? आम्ही बिनफोडणीचं वरण जेवलो.

मधल्या दारापलीकडे आणखी कोणीतरी होतं. बांगड्या वाजायच्या, कुणी हळू आवाजात गुणगुणायचं. अक्काची लेक आखाजीला आली आहे, एवढं शेजारून कळलं. मला हेवा वाटला. बाहेर का येत नाही, याचंही नवल वाटलं. एकदा एका लहान मुलाचा आवाज ऐकू आला. माझी दोघं अंगणात पळापळ करत होती आणि आतून तो विचारत होता, "कोन खेळू राह्यलं?" कुणीतरी त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा भिंत धरून चालत चालत मधल्या दाराशी गेला. दार जरासं उघडं होतं. अक्का पलीकडून आली, त्याला पाहिलं आणि साप दिसावा तशी मागं सरली. "घे त्याले! मागं घे आधी!" अशी ओरडली की पोर दणकन खाली बसलं आणि रडून रडून त्याला उबळ आली. मी उचललं आणि मग माझं तोंड सुटलं. माझ्या लेकराला काय खरूज झाली आहे का? शहरातलं पोर हातात घेतलं तर तुमचे हात झिजतील का? एवढा विटाळ वाटत होता तर घर भाड्यानं द्यायचं कशाला? ती ऐकत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, हे चोराचं रडणं पहिल्यांदाच पाहते आहे. हे म्हणाले, "जाऊ दे, परत जायचं का? बघू." मी त्यांच्याही अंगावर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी थोरलीची वेणी घालत दारात बसले होते. ती मान वर करून चौकटीकडे बघत होती. म्हणाली, "आई, पाडव्याचा निंब अजून हिरवा कसा गं?"

मी वर पाहिलं. पानं ताजी होती, कोवळी, आणि त्यांवरून पाणी ठिबकत होतं. कुणीतरी सकाळीच बदललेला डहाळा होता तो. माझ्या हातातली वेणी सुटली. फोडणी नाही, झोका नाही, शेजारची एकही बाई या अंगणात येत नाही, लेक माहेरी येऊन खोलीबाहेर पडत नाही. लहानपणी आमच्याच घरात हे सगळं मी पाहिलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला देवी आल्या होत्या, तेव्हा आईनं असाच दाराला निंब लावला होता, चुलीवर फोडणी बंद होती आणि बहिणीच्या उशाशी थंड दहीभाताची वाटी असायची. ती बहीण राहिली नाही. आणि मी तीन दिवस निंबाखालून ये-जा करत होते.

मी मधल्या दारावर थाप मारली. राग आला, भीती वाटली की माझ्या तोंडी माझ्या गावची बोली येते. "अक्का, तुमना घरमा काय शे, सांगा माले."

दार उघडलं नाही. आतून ती म्हणाली, "देवी आली हाये, माय. नातवाले. मी त निंब लावला व्हता ना दाराले? तुम्ही निंब पाहून आत आले. मले वाटलं, शहरातले लोक हायेत, पोरं टोचेल असतीन, यायले भेव नसीन."

तिनं सांगितलं होतं. जसं सांगायचं असतं तसंच सांगितलं होतं. आणि तीन दिवस माझ्या पोरापासून ती लांब पळत होती, ते कशासाठी, ते आता कळलं. तिच्यावर ओरडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी धाकट्याला पोटाशी धरून ओट्यावर बसले आणि त्याचा कोरा दंड सारखा चोळत राहिले.

त्या दिवशी हे "बघू" म्हणाले नाहीत. पायांत वहाणा सरकवल्या आणि जामनेरची गाडी धरली. दुपारी परत आले ते सांगत, की देवी टोचणारा डॉक्टर उद्या सकाळी इथं येतो आहे. तो म्हणाला होता, पोर देवीच्या घरात येऊन दोन-तीन दिवसच झाले असतील तर टोचण्याचा उपयोग होईल. उशीर झाला तर मग काही सांगता येत नाही. खोकला आहे, टोचल्यावर ताप येईल, पण आता थांबायचं नाही.

अंगणातलं बोलणं आत ऐकू गेलं. थोड्या वेळानं मागच्या दारानं अक्का अंगणात आली आणि झाडापाशी लांब उभी राहिली. तिच्यामागं तिची लेक. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याच वयाची, केस मोकळे, तेल नाही, फणी नाही, डोळे जागून सुजलेले.

अक्कानं पदर पसरला. "टोचू नको, माय. घरात देवी असताना सुई लावली त ती कोपते. तुह्या लेकराले काही करनार नाही, माह्या नातवाले नेईन. दोन-चार रोज थांब. त्याच्या खपल्या धरू दे, देवीले तिच्या वाटंनं जाऊ दे, मंग तू खुशाल टोच."

"दोन-चार दिवसांनी टोचून उपयोग नाही, अक्का."

"आता त्याचं लई जड हाये. आताच नको."

 लेकीनं माझ्याकडे बघून हात जोडले.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं सांगितलं तर सगळं सोपं होईल. पण होता. आमच्या गावच्या देवीच्या ओट्यावर मी जन्मभर नारळ ठेवत आले होते. देवी अंगात असताना घरात सुई चालत नाही, हे माझ्या आईनंही मला सांगितलं होतं. हे म्हणाले, आपण धर्मशाळेत जाऊ, तिथं टोचू. पण निंब लावलेल्या घरातली माणसं कोण आत घेणार? आणि अक्काचं म्हणणं, तुम्ही गेलात तरी देवी तुमच्यासंगं येते, सुई तिथं लागली काय नि इथं लागली काय. एका बाजूला माझं पोर, एका बाजूला तिचं. कुणाच्याच हातात देऊ नये असा हा तराजू माझ्या हातात आला होता.

मी म्हणाले, "अक्का, तुमचा नातू तुम्हाला, माझा मला." तोडून बोलले. त्याशिवाय मला बोलताच आलं नसतं. लेकीनं जोडलेले हात खाली घेतले आणि दोघी आत गेल्या.

सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी मधल्या बंद दारासमोर बसले. डोकं टेकलं आणि मनात म्हणाले, माय, तुला राग यायचा तर माझ्यावर येऊ दे, त्या लेकराला हात लावू नको. मग उठले, धाकट्याला मांडीत घट्ट धरला आणि त्याचा दंड पुढं केला. त्यानं टाहो फोडला. पलीकडे बांगड्यांचा आवाज थांबला.

पुढचे दिवस कसे गेले ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मी रोज उठून पोराचा दंड पाहायची. टोचलेलं उठतं की नाही? आधी काहीच दिसेना, नुसता ओरखडा. दाराच्या पलीकडे अक्का तिच्या नातवाकडे असंच बघत असणार. आमचं बोलणं बंद होतं, पण एकमेकींची चाहूल आम्ही दोघीही घेत होतो. तिकडून मुलाचं कण्हणं आलं की माझा हात जागच्या जागी थांबायचा. मी फोडणी दिली नाही, केस विंचरले नाहीत, पोरांना मोठ्यानं हसू दिलं नाही. मधला वैतागून म्हणाला, "आपण सुटीला आलोय ना?" मी त्याला धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं.

मग दंड लाल झाला, सुजला, त्यावर टपोरा फोड आला. पोराला सडकून ताप भरला. ताप आला म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही. डॉक्टरनं येऊन पाहिलं आणि म्हणाला, "उठलं. आता याला भय नाही." हे खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले. मला मात्र हसू येत होतं, आवरत नव्हतं.

डॉक्टर पायऱ्या उतरून गेला. तो गल्लीच्या वळणापर्यंतही पोचला नसेल. आतून अक्काच्या लेकीनं हंबरडा फोडला.

मी त्या मुलाला शेवटपर्यंत पाहिलं नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लहानसं काहीतरी पुरुषांनी नदीकडे नेलं, तेवढं दारातून दिसलं. चौकटीवरचा निंब त्यांनी काढून टाकला. गल्लीतल्या बायका आल्या, आमच्या खोल्यांकडे बघत कुजबुजल्या. "घरात देवी असताना सुई लावली" एवढं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अक्का त्यांना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मी लगेच पळून गेले असते. पण दंडावर खपली धरेपर्यंत पोराला गाडीत घालायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्यामुळे त्याच घरात, त्या रडण्याच्या अलीकडे, आम्ही राहिलो. आखाजी आली नि गेली. दुसऱ्या गल्ल्यांतून गाणी येत होती. माझ्या थोरलीनं झोक्याचं नाव काढलं नाही.

पुढं किती जणांनी माझी समजूत घातली. यांनी तर पुस्तकं आणून दाखवली, की सुईचा नि त्या मुलाच्या जाण्याचा संबंध नाही. मला समजूत नको आहे. उद्या तसंच पुन्हा समोर आलं तर मी पुन्हा टोचेन. आधी टोचेन आणि मग रडेन. पण त्या बाईनं माझ्यासमोर हात जोडले होते, ते मी विसरेन असं कुणी समजू नये.

निघायच्या दिवशी स्टेशनला जायला बैलगाडी दारात लागली. सामान चढलं, पोरं चढली. मी धाकट्याला घेऊन पायरी उतरत होते तेव्हा अक्का बाहेर आली. या वेळी ती लांब थांबली नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्याशाप ऐकायचे. ऐकून घ्यायचे, असं मी ठरवलं.

ती म्हणाली, "आता त्याले काही व्हनार नाही ना?"

"नाही, अक्का."

"माह्या हातानं बी नाही?"

"नाही."

"मंग दे."

तिनं दोन्ही हात पुढं केले. ज्या बाईच्या ओरडण्यानं तो दणकन खाली बसला होता, तिच्याकडे माझा धाकटा निमूट गेला आणि तिच्या गळ्यातली पोत ओढू लागला. तिनं ओढू दिली. पाठीमागं दारात तिची लेक येऊन उभी राहिली होती. अक्का म्हणाली, "सुतक हाये माय, नाही त लेकीवानी ओटी भरली असती तुह्यी." 

मग तिनं त्याच्या झबल्याची बाही वर सरकवली. खपली आता वाळून काळी झाली होती, चिंचोक्याएवढी. तिनं तिच्या कडेकडेनं हळू बोट फिरवलं.  मग मला नाही, मागं उभ्या असलेल्या आपल्या लेकीला ती म्हणाली, "पाह्य व माय. एवढंसंच असते."